दोनशेव्या पानावरचे अक्षर



टाकळीला, नंदिनी आणि गोदावरी यांच्या संगमाजवळ, समर्थ रामदासांनी बारा वर्षे तपश्चर्या केली, ही परंपरा नाशिककरांना नव्याने सांगायला नको. त्यातले नदीच्या पाण्यात उभे राहून केलेले पुरश्चरण सगळ्यांच्या ध्यानात असते. त्याच काळात त्या तरुणाने वाल्मीकिरामायणाची प्रत स्वतःच्या हाताने लिहून काढली, ही गोष्ट मात्र आपण चरित्रातली किरकोळ नोंद म्हणून उरकतो. ती प्रत आज धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहे. शंकर श्रीकृष्ण देव यांनी खपून जमवलेल्या रामदासी हस्तलिखितांच्या संग्रहातले ते मोठे धन. जप ही साधना आणि नक्कल करणे हे कारकुनी काम, अशी वाटणी आपण मनात करून ठेवलेली असते, म्हणून असे होते. थोडा हिशोब करून पाहू. रामायण 24,000 श्लोकांचे मानले जाते. श्लोकाची अक्षरे 32. जुने लेखनिक आपल्या कामाची मोजदादही 32 अक्षरांचा एक ‘ग्रंथ’ धरून करीत. म्हणजे साडेसात लाखांहून अधिक अक्षरे. रोज न चुकता 100 श्लोक लिहिले तरी 240 दिवस लागतात, आणि त्यात कागद घोटणे, ओळी आखणे, शाई करणे, लिहिलेले मूळ प्रतीशी ताडून पाहणे धरलेलेच नाही. एवढ्या मोठ्या लेखनातून गेलेल्या माणसाला अक्षराविषयी पुष्कळ कळले असणार. ते त्याने पुढे दासबोधात लिहूनही ठेवले. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास म्हणजे ग्रंथ हाताने कसा करावा याचे मराठीतले शास्त्रच आहे.

आजचा माझा विषय हाच आहे: हाताने काढलेल्या अक्षरांचे, हाताने बांधलेले पुस्तक. या विषयावर बोलू लागले की श्रोत्यांच्या चेहऱ्यावर एक हळवा भाव उमटतो. आजोबांची पोथी, लाल फडके, देवघरातला कापराचा वास. तो भाव मला आज नको आहे. माझे म्हणणे त्याहून कोरडे आणि कदाचित थोडे भांडखोर आहे. अक्षराची कसोटी ग्रंथात लागते, इतरत्र लागत नाही. आपल्या काळात मराठी अक्षरकला बहरली, पण बहरता बहरता ती ग्रंथातून बाहेर पडली. आणि तिला पुन्हा ग्रंथात आणल्याशिवाय तिचे पुढचे पाऊल पडणार नाही.

अक्षरकला बहरली हे आधी मान्य केले पाहिजे, कारण ऱ्हासाचे रडगाणे इथे लागू पडत नाही. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींत आणि मासिकांच्या शीर्षकांत मराठी अक्षराला असे रूप दिले की नाटक न पाहिलेल्यालाही त्याचे नाव डोळ्यांपुढे दिसे. र. कृ. जोशी यांनी देवनागरीचा अभ्यास चित्रकलेतून संगणकापर्यंत नेला. अच्युत पालव यांनी मोडीच्या अभ्यासातून आपली वाट काढली, जागोजागी कार्यशाळा घेतल्या, आणि 2025 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एखाद्या लिपीच्या सुलेखनकाराला एवढी मान्यता मिळावी हे चांगल्या दिवसांचेच लक्षण. पण ही अक्षरे आपल्याला भेटतात कुठे? फलकावर, लग्नपत्रिकेवर, मुखपृष्ठावर, भिंतीवरच्या चौकटीत, हल्ली सदऱ्यावरही. बहुतेक ठिकाणी शब्द एक, फार तर ओळ एक. शीर्षकाने लक्ष वेधून घ्यायचे असते आणि ते काम ते चोख करते. मात्र चौकटीतल्या अक्षराला शेजारी नसतो. त्याची वेलांटी कितीही लांब गेली तरी वरच्या ओळीचा उकार दुखावत नाही, कारण वरची ओळच नसते. काना हवा तिथे वळतो, शिरोरेषा तुटते, शाईचे शिंतोडे उडतात, आणि पाहणारा वा म्हणतो. पुस्तकातल्या अक्षराला ही मुभा नाही. त्याला आधीच्या अक्षराशी जमवून घ्यावे लागते, पुढच्याला जागा ठेवावी लागते, आणि वाचणाऱ्याची नजर आपल्यावर अडणार नाही इतके संकोचूनही वागावे लागते. पहिले पान उत्साहावर निघते. दोनशेव्या पानावर उत्साह संपलेला असतो, मान अवघडलेली असते, बोरू तिसऱ्यांदा तासून झालेला असतो, आणि तरीही ‘क’ पहिल्या पानावरच्या ‘क’सारखाच यायला हवा. लेखणीत किती पाणी आहे ते तिथे कळते.

समर्थांचा समास नेमका या दोनशेव्या पानाविषयी आहे. त्यातले विचार माझ्या शब्दांत मांडतो. अक्षर वाटोळे, सरळ आणि मोकळे असावे ही सुरुवात कुणीही करील. पण लगेच पुढे अट येते ती सातत्याची. पहिले जे अक्षर काढले तेच ग्रंथ संपेपर्यंत टिकले पाहिजे. सगळा ग्रंथ एकाच टाकाने लिहिला आहे असे वाटले पाहिजे. काळेपणा, जाडी, वळण, सगळे सारखे. मग ओळींचे भान: एका ओळीने दुसरीला लागू नये, मात्रा आणि वेलांटी यांनी वरच्या-खालच्या अक्षरात घुसू नये, पान आधी शिशाने आखून घ्यावे म्हणजे ओळींतले अंतर कमीजास्त होणार नाही. त्यानंतर दोन सूचना येतात आणि त्या मला साऱ्या समासाचा गाभा वाटतात. एक अशी की तरुण वयात फार बारीक लिहू नये, कारण म्हातारपणी ते कामाला येत नाही. दुसरी अशी की पानाच्या चारी बाजूंना जागा सोडावी, म्हणजे पुढे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर झडणार नाही. या दोन वाक्यांत पुस्तकाकडे पाहण्याची एक पूर्ण दृष्टी आहे. लिहिणारा आज तरुण आहे, पण तो चाळीस वर्षांनंतरच्या स्वतःच्या डोळ्यांचा विचार करतो. कागद आज घट्ट आहे, पण तो शंभर वर्षांनंतरच्या वाळवीचा आणि बोटांच्या घामाचा विचार करतो. समास हे सारे उपयुक्ततेच्या भाषेत सांगतो आणि सौंदर्य त्यातून आपोआप येते. पानाच्या कडेला सोडायच्या समासाला मात्र आपण शाळेच्या वहीतल्या तांबड्या रेघेपुरता ओळखतो, गुरुजींनी सांगितली म्हणून मारलेली.

साहित्याच्या यादीतही हीच दूरदृष्टी दिसते. घट्ट कागद आणावा, त्याला खळ लावावी, घोटून गुळगुळीत करावा. वेगवेगळ्या देशींचे बोरू जमवावेत. सुऱ्या, कात्र्या, रंग, हिंगूळ, सुकवून ठेवलेली शाई हाताशी असावी. ग्रंथाला फळ्या, बांधायला गोफ, गुंडाळायला बासन आणि मेणकापड, ठेवायला पेटी, पेटीला कुलूप. प्रत्येक वस्तूमागे कारण आहे. खळ न लावलेला कागद शाई पिऊन टाकतो आणि अक्षराची कड फुटते. घोटलेल्या कागदावर शाई वरच्या वर राहते, म्हणून चूक झाली तर खरवडताही येते किंवा हरताळाचा पिवळा लेप देऊन त्यावर पुन्हा लिहिता येते. दिव्याची काजळी आणि बाभळीचा डिंक यांची शाई शतकानुशतके काळीच राहते, कारण काजळी म्हणजे कार्बन, तो उन्हाने उडत नाही. हिराकस घालून केलेली शाई सुरुवातीला छान मुरते, पण कालांतराने कागद खाते. अनेक जुन्या पानांत अक्षरांच्या जागी अक्षरांच्या आकाराची भोके उरतात ती त्यामुळे. बोरूचे टोक रोमन अक्षरांसाठी ज्या बाजूला तिरके कापतात त्याच्या उलट बाजूला देवनागरीसाठी कापावे लागते, नाहीतर जाड-बारीक भलत्याच ठिकाणी येते. परदेशी निबांनी देवनागरी शिकणाऱ्या मुलांचे अक्षर विचित्र दिसते त्याचे अर्धे कारण हात नसून निबाचा काप असतो. हे सारे ज्ञान एकाच माणसाजवळ असण्यात अर्थ होता. ज्याने कागद घोटला त्यालाच ठाऊक असते की या पानावर हात किती वेगाने चालेल.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप सर्वांत भक्कम आहे आणि तो समासाच्याच पोटातून निघतो. पहिले अक्षर आणि शेवटचे अक्षर हुबेहूब सारखे असावे हा जर आदर्श, तर तो यंत्राने केव्हाच गाठला आहे. निर्णयसागर छापखान्याच्या जावजी दादाजींनी राणोजी रावजी आरू यांच्याकडून जे ठसे घडवून घेतले, त्यांनी छापलेल्या पोथीत हजारावे पानही पहिल्यासारखेच असते. संगणकावरच्या अक्षरसंचाबद्दल तर बोलायलाच नको. आणि नाशिककरांना हे कुणी सांगायला हवे? 1925 पासून प्रतिभूती मुद्रणालय आणि 1928 पासून चलार्थपत्र मुद्रणालय नाशिकरोडला आहे. एका नोटेवरचे अक्षर दुसऱ्या नोटेवरच्या अक्षराहून केसभरही वेगळे नसणे ही तिथे कलेची नव्हे, कायद्याची गरज आहे. मग समर्थांना हवे होते ते आपल्याला मिळाले, आता हाताची उठाठेव कशाला?

या आक्षेपात एक गफलत आहे. समासातली सारखेपणाची मागणी ओळीच्या एकूण काळेपणाची, दाबाची, वळणाची आहे. शिवाय त्याच समासात दुसरी मागणी आहे, अक्षरांनी एकमेकांना न लागण्याची. देवनागरीत या दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. आपली लिपी रोमनसारखी एका पट्टीत चालत नाही. शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार. खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांचे पाय. वरच्या ओळीतला ‘द्धृ’ आणि खालच्या ओळीतला ‘र्थैं’ समोरासमोर आले की टक्कर ठरलेली. यंत्र हा प्रश्न एकाच रीतीने सोडवते: सर्वांत वाईट प्रसंग गृहीत धरून प्रत्येक दोन ओळींत तेवढी जागा सोडायची. म्हणून छापील देवनागरी एकतर विरळ दिसते, किंवा जागा वाचवायला मात्रा ठेंगण्या कराव्या लागतात. खिळ्यांच्या काळात ‘डिग्री’ पद्धतीचे टाइप निघाले, ज्यात वरच्या मात्रांची ओळ अक्षरांपासून वेगळी जुळवली जाई. खिळ्यांची संख्या खूप घटली, पण मात्रा आपल्या अक्षरापासून सुटून तरंगू लागली. त्याविरुद्ध ‘अखंड’ टाइपात अक्षर सलग राहिले, तर खिळ्यांच्या पेट्या वाढत गेल्या. बापूराव नाईकांनी 1971 मध्ये देवनागरी मुद्राक्षरांवर मोठा ग्रंथ सिद्ध केला, तो वाचताना जाणवते की दीडशे वर्षांचा हा सगळा इतिहास म्हणजे हात जे बघून करतो ते धातूकडून कसे करवून घ्यावे याचीच धडपड होती. लेखनिक टक्कर दिसताच वेलांटी जरा आखडती घेतो, उकार थोडा डावीकडे वळवतो, आणि वाचणाऱ्याला पत्ता लागत नाही. त्याची ओळ सारखी दिसते, कारण त्यातले प्रत्येक अक्षर किंचित वेगळे आहे. आजचे उत्तम अक्षरसंच हीच चतुराई शिकत आहेत. जोडाक्षराच्या रुंदीप्रमाणे ऱ्हस्व वेलांटीची कमान लांब-आखूड करणारे संच आता मिळतात. पण ती चतुराई त्यांना शिकवायला कुणीतरी आधी हाताने पाने भरलेली असावी लागतात. हे शिक्षण बंद पडले तर यंत्र काल शिकलेलेच उद्या म्हणत राहील.

याचा एक पुरावा आपल्या रोजच्या वापरात आहे. मराठीचा पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ हिंदीच्या वळणाहून वेगळे आहेत, हे आपण बालवाडीत गिरवतो. संगणक आला तेव्हा दोन्ही भाषांना संकेतांक एकच मिळाला, आणि पडद्यावर दिसू लागला तो बहुधा हिंदी वळणाचा ‘ल’. महाराष्ट्र शासनाला 2009 मध्ये शासननिर्णय काढून मराठी वर्णांची रूपे निश्चित करावी लागली. यात कुणाचा कट नव्हता. मोठ्या बाजाराची सवय लहान बाजारावर बसते, एवढेच. हाताने लिहिणाऱ्या माणसाला असा शासननिर्णय लागत नाही. त्याचा ‘ल’ तो जिथे शिकला तिथला असतो.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. हस्तलिखित ग्रंथ ही मूठभरांची मालमत्ता होती. ज्या समासाचे मी एवढे कौतुक केले त्याची सुरुवातच ब्राह्मणाने बाळबोध अक्षर घडवावे अशी आहे. कुलूपबंद पेटी वाळवीपासून जपायला होती तशी माणसांपासूनही होती. महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिपींत लिहिले आणि शतकानुशतके ते बाहेरच्यांना वाचता आले नाहीत. छापखान्याने ही कोंडी फोडली. जोतीराव फुल्यांचे लेखन गावोगाव पोचले ते खिळ्यांमुळे. मग ज्या वस्तूने ज्ञान अडवून धरले तिचा गौरव आपण का करावा? या आक्षेपातले छापखान्याविषयीचे सगळे मी मान्य करतो. त्यात एक अक्षरही कमी करण्याची माझी तयारी नाही. पण हस्तलिखिताचा इतिहास पेटी-कुलपापाशी संपत नाही. तुकोबांचे अभंग वहीत उतरवून घेणारे संताजी जगनाडे तेली होते; तुकोबांनी स्वतः वह्या लिहिल्या. वारकऱ्यांची बाडे ही हातानेच केलेली पुस्तके होती: ओबडधोबड, मिळेल त्या कागदाची, पण वापरून मळलेली आणि पुन्हा उतरवून घेतलेली. सुबक अक्षर नसलेल्या हातांनी मराठीतली सर्वांत मोठी कविता सांभाळली. तेव्हा कुलूप हाताने लावलेले नव्हते, समाजाने लावलेले होते. आज तर परिस्थिती पूर्ण उलटली आहे. मजकूर सर्वत्र आहे, फुकट आहे. हाताने लिहिलेली प्रत कुणाचेही वाचन अडवू शकत नाही. एक बोरू, शाईची दौत आणि कागद यांचा खर्च कुठल्याही चांगल्या मोबाइलच्या आवरणाहून कमी आहे.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: एक प्रत करायची, ती कपाटात जायची, तिचा उपयोग कुणाला? इथे आपण आपलाच मुद्रणेतिहास विसरतो. मराठी प्रदेशात हात आणि छापखाना सुरुवातीपासून एकत्र नांदले. मिरजेला 1805 मध्ये भगवद्गीता छापली गेली ती तांब्याच्या पत्र्यावर हाताने कोरून. मुंबईत गणपत कृष्णाजींनी 1831 मध्ये पंचांग छापले ते शिळाछापावर, म्हणजे हाताने लिहिलेलेच पान दगडावरून अनेक पट झाले. पुढे खिळे आले तरी कित्येक धार्मिक ग्रंथ सुट्या आडव्या पानांच्या पोथीरूपातच निघत राहिले, कारण वाचणाऱ्यांच्या हाताला ते रूप ओळखीचे होते. स्वतंत्र भारताने आपले संविधान हाताने लिहवून घेतले: इंग्रजी प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी लिहिली, हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनी, आणि पाने सजवली नंदलाल बोस व त्यांच्या शांतिनिकेतनातील सहकाऱ्यांनी. त्या हस्तलिखिताच्या छापील प्रती देहरादूनला सर्व्हे ऑफ इंडियाने काढल्या. परदेशातले उदाहरण हवे असेल तर अमेरिकेतल्या एका मठाने 1998 मध्ये ब्रिटिश सुलेखनकार डोनाल्ड जॅक्सन यांना संपूर्ण बायबल हाताने लिहायचे काम दिले. चर्मपत्रावर पिसाच्या लेखणीने चाललेले हे काम 2011 मध्ये पुरे झाले, त्याच्या पानांची आखणी मात्र संगणकावर केलेली होती. ओळ कुठे तुटेल, कुठल्या लेखनिकाकडे कुठले पान जाईल, हे आधीच ठरल्यामुळे अनेक हात एका ग्रंथावर काम करू शकले. संगणकाला त्याचे काम आणि हाताला हाताचे, ही वाटणी मला फार समंजस वाटते. आपल्या पूर्वजांनीही घाईसाठी मोडी आणि ग्रंथासाठी बाळबोध अशी वाटणी केलीच होती. दफ्तरांतला धावता हिशोब आणि वाचायचा ग्रंथ यांना एकच हात लागत नाही, हे ते जाणून होते.

एक शेवटचा मुद्दा शुद्धतेचा. नक्कल करताना चुका होतात, पाठ बिघडतो, म्हणून एकनाथांना 1584 मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध करावी लागली, असे सांगून हाताच्या प्रतीवर अविश्वास दाखवला जातो. जुन्या लेखनिकांनी तर ग्रंथाच्या शेवटी जसे पाहिले तसे लिहिले, दोष मला देऊ नका, असे लिहून हात झटकून टाकलेले दिसतात. समर्थ मात्र लेखनिकाला ही सवलत देत नाहीत. शोधूनही चूक सापडू नये, अशी त्यांची अपेक्षा आहे. मला या दोन भूमिकांत दोन प्रकारचे वाचन दिसते. न समजता उतरवणारा हात चुकतो आणि अर्थ लावत उतरवणारा हात थांबतो. नाथांचे संशोधनही अखेर प्रती समोर ठेवून, ओवी ओवी वाचत केलेले होते. दोन कळा दाबून हजार पाने इकडून तिकडे नेता येतात तेव्हा त्यातली चूकही न वाचता, अबाधित जाते. चूक आत शिरायला आणि चूक पकडली जायला, दोन्हीला वाचणारा माणूस मध्ये असावा लागतो.

तर मग कुठला ग्रंथ हाताने करावा? पुन्हा दासबोध किंवा ज्ञानेश्वरी करण्यात गैर काही नाही, पण नाशिकजवळ असा मजकूर आहे ज्याला हाताशिवाय दुसरा उपाय नाही. पांडवलेण्यांतले शिलालेख. तिसऱ्या लेण्यात सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी कोरलेला गौतमी बलश्रीचा लेख आहे, तिथेच तिच्या पुत्राची, गौतमीपुत्र सातकर्णीची दानपत्रे आहेत. दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत, ज्यांत 3000 कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवून व्याजावर भिक्षूंची सोय केल्याचा तपशील आहे. भगवानलाल इंद्रजी, ब्यूलर, सेनार यांनी या लेखांचे वाचन केले, त्यालाही शंभराहून अधिक वर्षे झाली. ती वाचने इंग्रजी ग्रंथांत आहेत. दगडासमोर उभ्या राहणाऱ्या नाशिकच्या मुलाला तिथली अक्षरे रेघोट्यांसारखी दिसतात. ब्राह्मीचे अक्षरसंच आज आहेत, पण ते एकसाची ब्राह्मी दाखवतात. तिसऱ्या लेण्याचा कोरक्या निराळा, दहाव्याचा निराळा. छिन्नी कुठे खोल गेली, ओळ कुठे वर चढली, काना किती लांबला, हे संचात नसते. ते बघून काढावे लागते, आणि इथे अक्षर लिहिण्यापेक्षा रेखाटण्याचे कौशल्य लागते.

कुणी म्हणेल, मूळ लेख दगडावर शाबूत असताना कागदावर प्रत कशाला? याचे उत्तर उषवदाताच्या लेखातच आहे. हे दान निगमसभेत ऐकवले गेले आणि फलकांवर नोंदवले गेले, असे तो सांगतो. म्हणजे दगडावर आहे तीही एका अर्थी प्रतच. लाकडी फलक गेले, दगड राहिला. दगडही जागोजाग फुटला आहे.

पुस्तकाची आखणी मी अशी करीन. डाव्या पानावर शिळेवरच्या ओळी, ओळीगणिक, ब्राह्मीत. उजव्या पानावर बाळबोधीत प्राकृत पाठ आणि त्याखाली मराठी अर्थ, आपल्या ‘ल’ आणि ‘श’सह. ब्राह्मीला देवनागरीसारखी सलग शिरोरेषा नाही, त्यामुळे दोन पानांचा काळेपणा सारखा राखणे हेच मोठे काम. डावीकडचा बोरू उजवीकडच्याहून थोडा जाड कापावा लागेल. आकार असा की वाचनालयाच्या टेबलावर दोघांना शेजारी बसून वाचता यावे. कागद पुण्याच्या हातकागद संस्थेचा चालेल, ती 1940 पासून हेच काम करते. शाई काजळीची. आखणी संगणकावर, अक्षर हाताने, आणि तयार पानांच्या छायाप्रती प्रत्येक शाळेला. मूळ प्रत नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात राहावी. 1840 पासून या गावाची पुस्तके सांभाळणाऱ्या संस्थेला ती परकी वाटणार नाही. ती काचेखाली न ठेवता मागेल त्याला हातात द्यावी. चार बाजूंना जागा भरपूर सोडलेली असेल तर कडा झडल्याने बिघडत नाही. जिथे शिळा फुटून अक्षरे गेली आहेत तिथे मात्र अंदाजाने भरू नये. अभ्यासक तिथे कंस टाकतात. पुस्तकात तेवढीच लांबी मोजून कोरी सोडावी, आणि समोरच्या पानावरचे मराठी वाक्यही तिथेच तुटू द्यावे.